एका अर्जपत्रातलं एकवचन-अनेकवचन : प्रकरण अभ्यास

प्रकल्प समन्वयकाच्या जागेसाठी लिहिलेलं एक इंग्रजी पत्र, साधारण पानभर. लिहिणारी मराठी माध्यमात शिकलेली, कामानिमित्त रोज इंग्रजी लिहिणारी. पाठवण्याआधी तिने ते दोन अनुभवी सहकाऱ्यांना दाखवलं. एकाने लाल रंगात दुरुस्त्या केल्या, दुसऱ्याने त्याच प्रतीवर निळ्या. काळ, शब्दक्रम, विरामचिन्हं यांना दोघांनी फारसा हात लावला नव्हता. जवळजवळ सगळ्या खुणा नामांच्या शेवटच्या ‘एस’भोवती होत्या, आणि बऱ्याच ठिकाणी लाल खुणेने घातलेला ‘एस’ निळ्या खुणेने खोडला होता. पत्र माझ्याकडे संपादनासाठी आलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, “मॅडम, दोघांचंही इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. मग ऐकायचं कोणाचं?”

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण दोघांपैकी कोणीही निष्काळजी नव्हतं. लाल खुणांमागे एक नियम होता: गोष्टी एकापेक्षा जास्त असतील तर नामाला ‘एस’ लावायचा. निळ्या खुणांमागेही नियमच होता: काही नामांना ‘एस’ लागत नाही, आणि विशेषणासारखं वापरलेल्या नामाला तर नाहीच नाही. दोन्ही नियम खरे आहेत. सरसकट लावले की दोन्ही फसतात, कारण इंग्रजीच्या रोजच्या शब्दप्रयोगांत नामाचं वचन जगातल्या वस्तू मोजून ठरत नाही. त्या वाक्यात ते नाम कोणतं काम करतंय, यावर ते ठरतं. पत्रातल्या प्रत्येक खुणेपाशी मी तोच प्रश्न विचारत गेले.

आधी थोडं मराठीबद्दल, कारण मूळ मसुद्यातल्या चुकांची मुळं तिथे आहेत. मराठीत कितीतरी पुल्लिंगी नामं अनेकवचनात बदलतच नाहीत. एक प्रकल्प, पाच प्रकल्प. एक दिवस, दहा दिवस. वचन कळतं ते विशेषणावरून आणि क्रियापदावरून: मोठा प्रकल्प पूर्ण झाला, मोठे प्रकल्प पूर्ण झाले. इंग्रजीत नेमकं उलट आहे. विशेषण कधीच बदलत नाही, भूतकाळातलं क्रियापद बहुतेक वेळा वचन दाखवत नाही, आणि सगळा भार नामाच्या शेवटच्या एका अक्षरावर येतो. मराठी कान वचन ऐकतो एका जागी, इंग्रजी ते दाखवते दुसऱ्या जागी. त्यामुळे ‘वन ऑफ द मेंबर’ लिहिताना मराठी माणसाला काही राहून गेल्यासारखं वाटतच नाही.

पाच वर्षांचा अनुभव

पत्राचं पहिलंच वाक्य: ‘आय हॅव्ह फाइव्ह इयर्स एक्सपीरियन्स’. लाल खुणेने शेवटच्या शब्दाचं ‘एक्सपीरियन्सेस’ केलं होतं. पाच वर्षांत अनुभव काही एकच आला नसणार, असा त्यामागचा विचार. निळ्या खुणेने तो ‘एस’ काढला, पण त्याच झपाट्यात ‘इयर्स’चा ‘एस’ही काढून ‘फाइव्ह इयर एक्सपीरियन्स’ करून ठेवलं.

‘एक्सपीरियन्स’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. कामातून अंगी आलेलं कौशल्य असा अर्थ असेल तेव्हा तो मोजता येत नाही, म्हणून एकवचनी. आयुष्यात घडलेले प्रसंग असा अर्थ असेल तेव्हा तो मोजता येतो, आणि मग ‘एक्सपीरियन्सेस’ बरोबर. नोकरीच्या पत्रात कौशल्य सांगायचं असतं, म्हणून तिथे ‘एस’ नको. याच पत्रात पुढे ‘माय एक्सपीरियन्सेस विथ फर्स्ट-टाइम लर्नर्स’ असं होतं. तिथे ती निरनिराळे प्रसंग सांगत होती, म्हणून तिथला ‘एस’ हवाच होता. निळ्या खुणेने तोही काढला होता. एकच शब्द, एकच पान, आणि दोन जागी दोन निर्णय.

‘इयर्स’चं मात्र वेगळं. इथे ‘पाच वर्षांचा’ अशी षष्ठी आहे, म्हणून ‘इयर्स’ लिहून त्या ‘एस’नंतर अपॉस्ट्रॉफी द्यायची. बोलताना ती ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना हमखास सुटते. अपॉस्ट्रॉफीची धास्ती वाटत असेल तर ‘फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरियन्स’ लिहावं. मी तिला तेच सुचवलं. अनुभव एकाच वर्षाचा असता तर ‘वन इयर्स एक्सपीरियन्स’ झालं असतं आणि अपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या आधी सरकली असती.

पुढच्याच ओळीत होतं ‘ए फाइव्ह-इयर्स प्रोजेक्ट’. इथे निळी खूण बरोबर होती: ‘ए फाइव्ह-इयर प्रोजेक्ट’. पाच वर्षं असूनही ‘एस’ नाही, कारण आकडा आणि नाम मिळून इथे विशेषणाचं काम करतात. ‘लाँग’ या विशेषणाला जसा ‘एस’ लागत नाही, तसा ‘फाइव्ह-इयर’लाही नाही. पत्रातलं ‘टू-डे वर्कशॉप’ आणि ‘थ्री-मेंबर कमिटी’ही याच चालीचं. जोडी नामानंतर आली की ‘एस’ परत येतो: ‘द वर्कशॉप लास्टेड टू डेज’.

ही सवय इंग्रजीत फार जुनी आहे. ‘ए टेन-फूट पोल’मध्ये ‘फीट’ का नाही, याचं उत्तर जुन्या इंग्रजीत सापडतं. तेव्हा संख्येनंतर नामाचं षष्ठी अनेकवचन येई आणि ‘फूट’चं ते रूप होतं ‘फोटा’. शेवटचा स्वर काळाच्या ओघात झिजला आणि उरलेलं रूप एकवचनासारखं दिसू लागलं. पंधरवड्याला ‘फोर्टनाइट’ म्हणतात, ‘फोर्टनाइट्स’ नाही, त्यामागेही असाच इतिहास आहे. तो शब्द मुळात ‘चौदा रात्री’ असा, आणि जुन्या इंग्रजीत ‘रात्र’ या शब्दाचं अनेकवचन एकवचनासारखंच होतं. म्हणजे मराठीतल्या ‘दहा दिवस’सारखीच चाल तिथेही कधीकाळी होती. हे तिला सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैलावला. नियम मनमानी वाटतो तोवर तो लक्षात राहत नाही.

मात्र ‘विशेषणासारखं नाम म्हणजे एकवचन’ हा निळा नियम शेवटपर्यंत ताणता येत नाही. पत्रात ‘सेल्स टीम’ होतं आणि निळ्या खुणेने त्याचं ‘सेल टीम’ केलं होतं. वाचणाऱ्याला वाटेल, सवलतीच्या सेलसाठी नेमलेली माणसं. ‘सेल्स’ म्हणजे विक्रीचा विभाग किंवा व्यवसाय, हा अर्थ त्या ‘एस’सकटच येतो. ‘सेव्हिंग्ज अकाउंट’, ‘कस्टम्स ऑफिसर’, ‘आर्म्स रेस’, ‘गुड्स ट्रेन’ यांचंही तेच. ‘आर्म’ म्हणजे हात, ‘आर्म्स’ म्हणजे शस्त्रं. ‘कस्टम’ म्हणजे रूढी, ‘कस्टम्स’ म्हणजे जकात खातं. ‘एस’ काढला की अर्थच निघून जातो, म्हणून दुसऱ्या नामाच्या आधी आलं तरी असं नाम आपला ‘एस’ सोडत नाही. आणखी एक अपवाद जाता जाता: ‘वुमन डॉक्टर’चं अनेकवचन ‘विमेन डॉक्टर्स’, म्हणजे तिथे दोन्ही शब्द बदलतात.

माहिती, पुरावे आणि प्रतिक्रिया

दुसऱ्या परिच्छेदात मूळ मसुद्यातच ‘फीडबॅक्स’, ‘इक्विपमेंट्स’ आणि ‘एव्हिडन्सेस’ होते, आणि लाल खुणेने त्यात ‘इन्फॉर्मेशन्स’ची भर घातली होती. इथे निळ्या खुणा पूर्णपणे बरोबर होत्या. चारही नामं इंग्रजीत न मोजता येणारी आहेत.

पण तिच्या हातून तीन चुका झाल्या आणि चौथी झाली नाही, याचं कारण मराठीतच दिसतं. पुरावा-पुरावे, उपकरण-उपकरणं, प्रतिक्रिया हा शब्द अनेकवचनात तसाच राहतो, पण ‘चार प्रतिक्रिया आल्या’ असं आपण सहज मोजतो. ‘माहिती’ मात्र मराठीतही मोजता येत नाही. ‘माहित्या’ कोणी म्हणत नाही. म्हणून ‘इन्फॉर्मेशन’ तिने आपसूक बरोबर लिहिलं होतं, आणि ती चूक झाली दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून. एखादी गोष्ट मोजायची की नाही, हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते. फ्रेंचमध्ये माहितीला खुशाल अनेकवचन होतं. मराठीत केस पांढरे होतात, इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकवचनी ‘हेअर’ आणि एखादाच कपड्यावर सापडला तर ‘ए हेअर’. सल्ले, संशोधनं, बातम्या हे सगळे शब्द आपल्याकडे मोजता येतात आणि इंग्रजीत ‘अॅडव्हाइस’, ‘रिसर्च’, ‘न्यूज’ हे मोजता येत नाहीत. त्यातला ‘न्यूज’ तर ‘एस’ अंगावर घेऊन एकवचनी आहे. एकेकाळी इंग्रजीत त्याच्याबरोबर अनेकवचनी क्रियापद चालत असे; आज ‘द न्यूज इज गुड’ हेच बरोबर.

मोजायचंच असेल तर मध्ये मोजणारा शब्द घालायचा: ‘टू पीसेस ऑफ इक्विपमेंट’. इथे ‘एस’ लागतो तो ‘पीस’ला. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी शब्दकोश उघडावा. त्यात नामाशेजारी ‘सी’ म्हणजे मोजता येणारं, ‘यू’ म्हणजे न मोजता येणारं, अशी खूण असते. काही शब्दांच्या एका अर्थाला ‘यू’ आणि दुसऱ्याला ‘सी’ असतो, तर काहींपुढे ‘सहसा अनेकवचनी’ असा शेरा असतो. ‘एक्सपीरियन्स’चा उलगडा तिने स्वतःच असा केला. त्याच कोशात ‘वर्क’ पाहिलं तेव्हा पत्रातल्या ‘माय फील्ड वर्क्स’चाही निकाल लागला. काम या अर्थी ‘वर्क’ न मोजता येणारं. ‘वर्क्स’ म्हणजे लेखकाची किंवा चित्रकाराची कलाकृती, नाहीतर बांधकामं.

‘ट्रेनिंग्ज’ आणि ‘लर्निंग्ज’ या दोन शब्दांवर आमचा थोडा वाद झाला. कार्यालयीन इंग्रजीत हे शब्द आता सर्रास ऐकू येतात आणि ती ज्या वातावरणात काम करते तिथे कोणालाच खटकत नाहीत. माझं मत वेगळं पडलं. अर्जाचं पत्र वाचणारा अनोळखी असतो, आणि त्याला खटकेल की नाही याचा जुगार कशाला खेळायचा? ‘ट्रेनिंग सेशन्स’ लिहिलं की प्रश्नच मिटतो. ‘लर्निंग्ज’ऐवजी ‘व्हॉट आय लर्न्ड’ लिहिल्यावर वाक्य जास्त मोकळंही झालं.

एका ठिकाणी होतं ‘द ओन्ली क्रायटेरिया’, आणि ते दोघांच्याही नजरेतून सुटलं होतं. ‘क्रायटेरिया’ हे ग्रीकमधून आलेलं अनेकवचन, एकवचन ‘क्रायटेरियन’. ‘फिनॉमिना’चं एकवचन ‘फिनॉमिनन’. ‘ओन्ली’ म्हटल्यावर निकष एकच, म्हणून ‘क्रायटेरियन’. परक्या भाषेतलं अनेकवचन एकवचनी होऊन जाणं इंग्रजीला नवं नाही. ‘अजेंडा’ हे मूळचं लॅटिन अनेकवचन आज निखळ एकवचनी आहे, आणि ‘डेटा’ दोन्ही बाजूंनी चालतो. ‘क्रायटेरिया’ मात्र लेखी इंग्रजीत अजून तिथवर पोचलेला नाही.

मराठी बोलण्यात आपण ‘एक लेडीज आली होती’ म्हणतो, ते हसण्यावारी नेलं जातं. पण खुद्द इंग्रजांनी याच्या उलट्या दिशेने अगदी असंच केलं आहे. वाटाण्याला मुळात ‘पीज’ असा एकवचनी शब्द होता. शेवटचा ‘झ’ उच्चार ऐकून लोकांना तो अनेकवचनी वाटला आणि त्यातून ‘पी’ हे नवं एकवचन घडलं. ‘चेरी’ची जन्मकथाही हीच. शब्दाचा शेवट ऐकून वचन ठरवणं माणसाला फार स्वाभाविक आहे, म्हणून या चुकांसाठी कोणाला लाजवणं मला पटत नाही.

अनेकांनी विचार बदलला

सगळ्यात जास्त वेळ गेला तो या वाक्यावर: ‘मेनी पार्टिसिपंट्स चेंज्ड देअर माइंड’. लाल खूण म्हणत होती ‘माइंड्स’. निळ्या खुणेचा आक्षेप असा की प्रत्येकाला मन एकच, म्हणून एकवचन.

मराठी कानाला निळ्याचं पटतं. अनेकांनी विचार बदलला. जवानांनी जीव धोक्यात घातला. उमेदवारांनी आपलं नाव लिहावं. प्रत्येकाचं एक, म्हणून आपण एकवचन सहज वापरतो. ‘सगळ्यांनी मान डोलावली’ आणि ‘सगळ्यांनी माना डोलावल्या’ ही दोन्ही वाक्यं आपल्याकडे चालतात. इंग्रजीचा कल मात्र ठामपणे अनेकवचनाकडे आहे. माणसं अनेक असली की त्यांच्या वाट्याची वस्तूही अनेकवचनी: ‘दे चेंज्ड देअर माइंड्स’, ‘दे शुक देअर हेड्स’, ‘दे लॉस्ट देअर जॉब्ज’, ‘दे रिस्क्ड देअर लाइव्ह्ज’. व्याकरणात याला वाटणीचं अनेकवचन म्हणता येईल. इथे लाल खूण बरोबर होती.

पण त्याच लाल नियमाने दोन ओळींनंतर ‘दे लर्न्ड इट बाय हार्ट्स’ असं घडवलं होतं. माणसं वीस असोत की दोनशे, ‘बाय हार्ट’ बदलत नाही. ‘ऑन फूट’, ‘इन पर्सन’, ‘फेस टू फेस’, ‘हँड इन हँड’ हेही नाही. या प्रयोगांतलं नाम आता कोणाच्या मालकीचं उरलेलं नाही. ते शब्दयोगी अव्ययाला चिकटून क्रियाविशेषण झालं आहे. ‘देअर’सारखा मालकी सांगणारा शब्द आधी आला तर वस्तू वाटली जाते आणि अनेकवचन येतं, तसा शब्दही नाही आणि ‘ए’ किंवा ‘द’ही नाही, असं नाम नुसतं ‘बाय’, ‘ऑन’, ‘इन’नंतर आलं तर बहुधा गोठलेला प्रयोग. ही खूण शंभर टक्के नाही, पण या पत्रात ती प्रत्येक जागी लागू पडली. ‘दे केप्ट ॲन ओपन माइंड’ हाही प्रयोग असाच स्थिरावलेला. तिथे ‘ॲन’ असल्यामुळे ‘माइंड्स’चा प्रश्नच येत नाही.

वाटणीच्या अनेकवचनात एक खरी अडचण आहे आणि ती नियमाने सुटत नाही. पत्रात वाक्य होतं: ‘पार्टिसिपंट्स सबमिटेड देअर रिपोर्ट्स’. प्रत्येकाने एक अहवाल दिला की अनेक? इंग्रजी वाक्यावरून कळत नाही. तिथे वचनाशी झटापट करण्यापेक्षा कर्ता एकवचनी करावा: ‘ईच पार्टिसिपंट सबमिटेड ए रिपोर्ट’. तिच्या कार्यक्रमात प्रत्येकाने एकच अहवाल दिला होता आणि तो देणं बंधनकारक होतं. ही बाब पत्रात ठळक व्हायला हवीच होती.

मैत्रीच्या वाक्यात निळ्याने पुन्हा तर्क लढवला होता. ‘आय मेड फ्रेंड्स विथ द को-ऑर्डिनेटर’ यात समन्वयक एकच, म्हणून ‘फ्रेंड’. पण मैत्री व्हायला दोघं लागतात आणि इंग्रजी दोघांनाही मोजते. ‘शेक हँड्स’, ‘चेंज प्लेसेस’, ‘टेक टर्न्स’, ‘चेंज ट्रेन्स’ या सगळ्यांत दोन बाजू आहेत, म्हणून अनेकवचन. एका माणसाने एकाच माणसाशी हात मिळवला तरी हात दोन गुंतलेले असतात. असं उलगडून सांगितल्यावर तिने हा गट पाठ न करता लक्षात ठेवला.

उरलेल्या छोट्या जागा भराभर सांगते. ‘लेफ्ट नो स्टोन्स अनटर्न्ड’ ही लाल दुरुस्ती रद्द, ‘नो स्टोन’च. ‘विथ रिगार्ड्स टू’चं ‘विथ रिगार्ड टू’ केलं. ‘रिगार्ड्स’ म्हणजे शुभेच्छा, त्यांची जागा पत्राच्या शेवटी. ‘थ्री हंड्रेड्स पार्टिसिपंट्स’मधला पहिला ‘एस’ गेला, कारण आधी नेमका आकडा असला की ‘हंड्रेड’ला तो लागत नाही, ‘हंड्रेड्स ऑफ पार्टिसिपंट्स’ असं मोघम म्हणताना लागतो. ‘ए नंबर ऑफ पार्टिसिपंट्स’बरोबर अनेकवचनी क्रियापद, ‘द नंबर ऑफ पार्टिसिपंट्स’बरोबर एकवचनी, कारण पहिल्यात माणसांबद्दल बोलणं आहे आणि दुसऱ्यात आकड्याबद्दल.

दीड वर्षाकडे मात्र थांबून पाहायला हवं. तिने लिहिलं होतं ‘वन अँड हाफ इयर’. मराठीत दीड एकवचनी आहे: दीड तास लागला, दीड वर्ष झालं. अनेकवचन सुरू होतं पुढे, अडीच तास लागले. इंग्रजीत नेमकं एक सोडलं की लगेच अनेकवचन: ‘वन अँड ए हाफ इयर्स’, ‘वन पॉइंट फाइव्ह इयर्स’, आणि शून्यालासुद्धा ‘झिरो एरर्स’. इंग्रजी एवढी काटेकोर आहे असं वाटतं न वाटतं तोच पत्रातलं पुढचं वाक्य आलं: ‘मोअर दॅन वन कँडिडेट वॉज सिलेक्टेड’. एकापेक्षा जास्त म्हणजे किमान दोन, तरी नाम आणि क्रियापद दोन्ही एकवचनी, कारण नाम आपल्या शेजारच्या ‘वन’शी जुळवून घेतं. लाल खुणेने तिथे ‘कँडिडेट्स वेअर’ केलं होतं. गणिताने ते बरोबर, व्याकरणाने नाही.

दोन प्रमाणभाषा

काही खुणांमध्ये चूक-बरोबर असं काही नव्हतं. लाल खुणा करणारे ब्रिटिश वळणाचे होते आणि ‘द टीम वेअर’ त्यांना योग्य वाटत होतं. निळ्याने केलेलं ‘द टीम वॉज’ अमेरिकन वळणाचं. ब्रिटिश इंग्रजीत गटातली माणसं डोळ्यांपुढे असतील तर अनेकवचनी क्रियापद चालतं. अमेरिकन इंग्रजी गटाला एकच धरते. ‘अकोमोडेशन’ ब्रिटिशांकडे एकवचनी, अमेरिकेत ‘अकोमोडेशन्स’ही सर्रास. गणिताला ब्रिटिश ‘मॅथ्स’ म्हणतात, अमेरिकन ‘मॅथ’.

आणि ही वळणंही स्थिर नसतात. अमेरिकेच्या राज्यघटनेत 1787 साली ‘युनायटेड स्टेट्स’साठी ‘देम’ आणि ‘देअर’ अशी अनेकवचनी सर्वनामं वापरली आहेत. 1865 मध्ये मंजूर झालेल्या, गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या दुरुस्तीतही ‘देअर ज्युरिसडिक्शन’ असंच आहे. आज त्याच देशाच्या नावापुढे एकवचनी क्रियापद येतं आणि अनेकवचन कोणालाही चमत्कारिक वाटेल. शब्दाचं रूप तेच राहिलं. राज्यांचा समूह की एक राष्ट्र, ही लोकांची समजूत बदलली आणि वचन तिच्या मागोमाग गेलं. व्याकरण किती जिवंत असतं, याचं मला तरी याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

पत्रापुरता निर्णय सोपा होता. जाहिरातीचं इंग्रजी अमेरिकन वळणाचं होतं, म्हणून पत्रातही तेच ठेवलं. दोन्ही वळणं एकाच पानावर आली की वाचणाऱ्याला ती चूक वाटते, मग प्रत्येक वाक्य सुटं पाहिलं तर बरोबर का असेना.

लाल आणि निळ्या खुणांचा हिशेब मांडला तेव्हा दोघांचं पारडं जवळपास सारखं भरलं. दोघांच्याही चुका एकाच ठिकाणी होत्या, जिथे नियम योग्य होता पण नामाचं काम वेगळं होतं. मी तिला नियमांची यादी दिली नाही. सुटं नाम लिहून न ठेवता अख्खा शब्दप्रयोग वहीत उतरवायचा, एवढंच सुचवलं: ‘फ्रेंड’ नाही, ‘मेक फ्रेंड्स विथ’, ‘हार्ट’ नाही, ‘लर्न बाय हार्ट’, ‘इयर’ नाही, ‘ए फाइव्ह-इयर प्रोजेक्ट’ आणि त्याखाली ‘फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरियन्स’. जिभेवर अख्खा प्रयोग बसला की ‘एस’ आपोआप जागेवर येतो.

शेवटी एक वाक्य उरलं: ‘आय ॲम वन ऑफ द फ्यू को-ऑर्डिनेटर्स हू हँडल बोथ ट्रेनिंग अँड इव्हॅल्युएशन’. ‘वन ऑफ द’नंतर नाम अनेकवचनी, यावर सगळ्यांचं एकमत. भांडण ‘हँडल’ की ‘हँडल्स’ यावर होतं. ‘हू’ हे ‘को-ऑर्डिनेटर्स’बद्दल बोलतं, म्हणून परंपरेने ‘हँडल’. पण मनात ‘वन’ घोळत असल्यामुळे चांगले लेखकही अनेकदा ‘हँडल्स’ लिहून जातात. मी ‘हँडल’च्या बाजूची आहे. तिने दोन्ही पर्याय मोठ्याने वाचून पाहिले आणि म्हणाली, “पण मॅडम, ते काम मी सोडून आता बरेच महिने झाले. तिथे भूतकाळच हवा ना?” मग तिने ‘आय ॲम’चं ‘आय वॉज’ केलं आणि ‘हँडल’चं ‘हँडल्ड’, ज्यात वचन दिसतच नाही, आणि पत्र पाठवून दिलं.